काळी पूड मुशीत टाकण्याआधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कार्बनच्या नॅनोनळ्या आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) यांची पूड मिसळून अॅल्युमिनियम पोलादाइतकं मजबूत करता येईल, अशा अर्थाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला होता. लेखातली मूळ गोष्ट खरी आहे आणि मराठीत या विषयावर कुणी लिहिलं याचा मला आनंदच झाला. पण त्यानंतर इंदूरच्या सांवेर रोडवरच्या ओळखीच्या कारखानदारांचे मला फोन येऊ लागले. प्रश्न एकच, "मॅडम, ही पूड आपल्या भट्टीत टाकली तर चालेल का?" एकाकडे तर विक्रेता नमुन्याची बाटली ठेवूनही गेला होता. अर्धा टक्का टाका, ताकद दुप्पट, असं सांगून.

मी इंदुरात धातुचाचणीची लहानशी प्रयोगशाळा चालवते. ओतकामाचे तुकडे येतात, त्यांचे टेस्ट बार कातून घ्यायचे, मशीनवर ताणून तोडायचे, कडकपणा मोजायचा, तुकडा घासून चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझं रोजचं काम. त्या कामाच्या आधारावर फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, चालणार नाही. का चालणार नाही हे कारखानदारांना आणि भट्टीवर उभ्या असणाऱ्या माणसांना नीट कळावं, म्हणून हे पत्र.

आधी खरं काय आहे ते सांगते. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या या पोकळ नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगभर त्यांच्यावर काम सुरू झालं. नळीची जाडी काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजारो पटींनी बारीक. २००० साली एकेक नळी ताणून तोडण्याचे प्रयोग झाले, तेव्हा ताकद ११ ते ६३ गिगापास्कल (हे ताकद मोजायचं एकक) भरली. आपल्याकडच्या साध्या ओतीव अॅल्युमिनियमची ताकद ०.२ गिगापास्कलच्या आसपास असते. ग्राफीन २००४ मध्ये वेगळं काढता आलं, त्याबद्दल गाइम आणि नोवोसेलोव यांना २०१० चं नोबेल मिळालं. त्याची मोजलेली ताकद तर १३० गिगापास्कलच्या घरात. हे आकडे वाचून कुणाचेही डोळे दिपतील. त्यात अॅल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८. बॅटरीवरच्या गाड्या जड होत चालल्यात, आणि पिथमपूरच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग देणाऱ्या आपल्या लहान कारखान्यांना प्रत्येक ग्राहक "वजन कमी करा" म्हणून सांगतो आहे. अशा वेळी काळ्या पुडीचा मोह पडणं अगदी स्वाभाविक आहे.

अडचण वितळलेल्या धातूपाशी सुरू होते. अॅल्युमिनियम वितळवायला आपण ग्रॅफाइटची किंवा ग्रॅफाइट-सिलिकॉन कार्बाइडची मूस वापरतो. ती का चालते? ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, आणि एक कारण असं की वितळलेलं अॅल्युमिनियम कार्बनला ओलं करत नाही, त्याला धरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं अंग आकसून बाजूला राहतं. आता तोच कार्बन बारीक पूड करून त्याच धातूत टाकला, तर धातू त्याला जवळ कसा करील? द्रव अॅल्युमिनियमचा पृष्ठताण नळीच्या पृष्ठभागाला जेवढा पेलतो त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. त्यामुळे पूड वर तरंगते, गोळ्या होऊन ड्रॉसमध्ये, म्हणजे धातूवर जमणाऱ्या मळीत, जाते आणि आपण ती झाऱ्यानं काढून बाहेर टाकतो. पैसे ड्रॉसबरोबर गेले.

शिवाय तापमान बघा. ओतताना धातू ७०० अंशांच्या पुढे असतो, आणि या नळ्या उघड्या हवेत साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे जळू लागतात. उघड्या मुशीवर पूड भुरभुरवली तर तिचा बराच भाग धातूत शिरण्याआधीच वायू होऊन उडून जातो. हे विक्रेता सांगत नाही.

जे थोडं आत शिरतं ते सुटं राहत नाही. नळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात, कारण एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग शंभर-दोनशे चौरस मीटर, कधी त्याहून जास्त असतो. पाणी, अल्कोहोल असल्या पातळ द्रवात त्या सोडवायलासुद्धा अल्ट्रासोनिक यंत्र लावावं लागतं, मग हातातल्या सळईनं ढवळून, त्यांना न धरणाऱ्या धातूत त्या कशा सुटणार? असा एक बार माझ्याकडे तुटला तेव्हा मी तो भिंगाखाली धरला. तुटलेला पृष्ठभाग राखाडी, दाणेदार, आणि मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा काळा ठिपका. बोटानं घासला तर बोट काळं झालं. म्हणजे तिथे धातूचं नावही नव्हतं, सुटी काजळी होती आणि तिच्याभोवती पोकळी. तडा तिथूनच सुरू झाला होता, त्याच्या रेषा त्या ठिपक्यापासून चहूकडे पसरलेल्या स्पष्ट दिसत होत्या. ताकद वाढवायला टाकलेली वस्तूच बार तुटण्याचं कारण ठरली होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती दिसत नाही म्हणून जास्त घातक. अॅल्युमिनियम आणि कार्बन तापले की अॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ तर असतंच, वर पाणी लागलं की फुटतं, त्यातून मिथेन वायू निघतो आणि मागे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड उरतं. म्हणजे कारखान्यातून भाग ठणठणीत बाहेर पडेल आणि दोन पावसाळ्यांनी आतून खड्डे पडू लागतील. इथे न्यायानं हेही सांगितलं पाहिजे की सिलिकॉन जास्त असलेल्या मिश्रधातूत, आपल्या एलएम-६ किंवा एलएम-२५ सारख्या, ही क्रिया बरीच दबते. आणि कार्बाइड अगदी किंचित, नळीच्या टोकाशी किंवा जिथे भिंत मोडली आहे तिथे झालं, तर ते नळी आणि धातू यांना बांधून ठेवायला उपयोगीही पडतं, असं संशोधकांना आढळलंय. किती झालं की उपयोगी आणि किती झालं की घात, हे डोळ्यांनी ठरत नाही.

मॅग्नेशियमचं गणित थोडं निराळं आहे. मॅग्नेशियम स्वतः कार्बनशी असं टिकाऊ कार्बाइड करत नाही, म्हणून तिथे मिश्रधातूत थोडं अॅल्युमिनियम असणं बांधणीसाठी फायद्याचं ठरतं. पण वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेट घेतं आणि त्या आगीवर पाणी मारलं तर ती आणखी भडकते. ज्यांच्याकडे बंद भट्टी आणि संरक्षक वायू नाही त्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

"ताकद दुप्पट" या दाव्याचं काय? कारखानदारांनी कागद-पेन घेऊन एक हिशेब करून बघावा. आधी ताठपणा घेऊ, म्हणजे भार आला तरी धातू किती कमी ताणला जातो ते. अॅल्युमिनियमचा ताठपणा ७० गिगापास्कल. नळीचा साधारण १०००. शंभर भाग आकारमानात एक भाग नळ्या, त्याही सगळ्या अखंड, सगळ्या एकाच दिशेला, सगळ्या धातूला पक्क्या चिकटलेल्या, असं धरू. मग ०.९९ गुणिले ७० म्हणजे ६९.३, त्यात १०, झाले ७९.३. स्वप्नातल्यासारखी परिस्थिती धरूनसुद्धा ताठपणा फार तर १३ टक्के वाढला. ओतकामात नळ्या वाटेल त्या दिशेला पडतात, तेव्हा त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्यावर येतो आणि उत्तर ७१ च्या आसपास थांबतं. अर्धा टक्का टाकून ताठपणा दुप्पट झाला असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

ताकदीचं, म्हणजे धातू वाकायला किंवा तुटायला किती जोर लागतो याचं, वेगळं आहे. ती खरंच बरीच वाढू शकते, आणि प्रयोगशाळांमध्ये वाढलेली आहे. १९९८ मध्ये जपानमध्ये अॅल्युमिनियमची पूड आणि नळ्या एकत्र दाबून, तापवून, साच्यातून रेटून पहिले नमुने झाले. म्हणजे सुरुवातच पूड-धातुशास्त्रानं झाली, ओतकामानं नव्हे. पुढे शांघायच्या संशोधकांनी अॅल्युमिनियमच्या पुडीचे आधी चपटे पापुद्रे केले, त्यांच्यावर नळ्या पसरवल्या, मग ते थरावर थर दाबले. त्यामुळे नळ्या सुट्या राहिल्या आणि मोडल्याही कमी. हे काम मला फार आवडतं, कारण त्यांनी नळ्यांवर जबरदस्ती केली नाही, धातूचा आकारच नळ्यांना सोयीचा करून घेतला. साध्या बॉल मिलमध्ये, म्हणजे पोलादी चेंडू घातलेल्या फिरत्या पिंपात, तासन्‌तास घुसळलं तर नळ्यांच्या गोळ्या फुटतात खऱ्या, पण नळ्याही तुटतात. तुटलेल्या टोकांवर कार्बाइड लवकर जमतं आणि लवचिकता हातची जाते.

इथेच विक्रेत्याला विचारायचा प्रश्न आहे. घुसळण्यानं अॅल्युमिनियमचे कण स्वतःच इतके बारीक होतात की नळ्या न टाकताही त्याची ताकद पुष्कळ वाढते. मग वाढलेल्या आकड्यात नळ्यांचा वाटा किती आणि घुसळण्याचा किती? ते कळायला त्याच पुडीचा, तेवढाच वेळ घुसळलेला, त्याच तापमानाला दाबलेला, पण नळ्या नसलेला बार सोबत तोडावा लागतो. माझ्याकडे "नॅनो" नावानं जे नमुने येतात त्यांच्या जोडीला असा बार बहुतेक वेळा नसतोच. शेजारी ठेवायला आणतात तो साधा ओतीव तुकडा. अशी तुलना ग्राह्य धरू नका. जोडीचा बार मागा, आणि ताकदीसोबत लांबी किती टक्के वाढून बार तुटला तोही आकडा मागा. ताकद वाढली आणि लांबी वाढायची क्षमता पाच टक्क्यांवरून एकावर आली, तर तो भाग गाडीत बसवायच्या लायकीचा राहत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. एका कारखान्यात, नाव लिहीत नाही, मी ती बाटली उघडताना बघितली. भट्टीवरचा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, नाकाला गमछा बांधलेला. त्यानं झाकण काढलं, पूड चमच्यानं कागदावर घेतली आणि कागद हलवल्याबरोबर उन्हाच्या तिरिपेत काळा धूर उठल्यासारखा दिसला. तो मला म्हणाला, "मॅडम, ये उड़ता बहुत है." मग त्यानं बाही झटकली आणि तो कामाला लागला. मी मालकाला बाजूला घेऊन जे सांगितलं तेच इथे सगळ्यांना सांगते. २००८ मध्ये उंदरांवर प्रयोग झाले. लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तेव्हा तिथल्या अस्तरावर अॅस्बेस्टॉससारखेच परिणाम दिसले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं एका विशिष्ट प्रकारच्या बहुपदरी नळ्यांना माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात घातलं. बाकी प्रकारांबद्दल पुरेसा पुरावा नसल्यामुळे त्यांचं वर्गीकरण करता येत नाही, असं त्या संस्थेनं तेव्हा म्हटलं. पण बाटलीवर प्रकार लिहिलेला नसेल तर कामगारानं काय समजायचं? अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम एवढी आहे, आठ तासांच्या सरासरीनं. त्या कागदावरून उडालेली पूड किती घनमीटर हवा बिघडवत असेल याचा विचार करा. गमछ्याचं विणकाम या नळ्यांपुढे उघडं दारच आहे. हे काम बंद पेटीत, हातमोजे आत बसवलेल्या कपाटात, हवा गाळणीतून ओढून करायचं असतं. ते करता येत नसेल तर बाटली उघडायचीच नाही. आणि अॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, हेही बॉल मिल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं.

कुणी म्हणेल, बाई नव्या गोष्टीला विरोध करताहेत. तसं अजिबात नाही. इंदूरला या कामात उतरायला चांगली संधी आहे, आणि आपला प्रदेश या विषयाला परकाही नाही. वितळलेलं अॅल्युमिनियम कार्बनला धरत नाही हा प्रश्न प्रदीप रोहतगी यांनी १९६० च्या दशकात परदेशात काम करताना ग्रॅफाइटच्या कणांवर निकेलचा लेप देऊन सोडवला होता. तेच रोहतगी पुढे भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक संचालक झाले. आज ती प्रयोगशाळा अॅम्प्री म्हणून ओळखली जाते. त्यांना ग्रॅफाइट हवं होतं ते मुख्यतः घसरणीसाठी, म्हणजे बेअरिंग-पिस्टनसारख्या भागांत धातूवर धातू घासला तरी अडकू नये म्हणून, आणि त्यांचे कण नॅनो नव्हते. पण मूळ धडा तोच. आधी पृष्ठभाग तयार करा, मगच धातूत घाला. आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर हे ज्ञान आहे आणि सांवेर रोडवर ते कुणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी वाट मला अधिक जवळची वाटते. १९९१ मध्ये इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय संस्थेनं घर्षणानं धातू ढवळून जोडकाम करण्याची पद्धत काढली. फिरणारी टणक पिन धातूत दाबून पुढे सरकवायची, धातू न वितळता मऊ होतो आणि ढवळला जातो. राजीव मिश्रा आणि इतरांनी पुढे तीच पद्धत धातूचा पृष्ठभाग सुधारायला वापरली. अॅल्युमिनियमच्या पट्टीत बारीक खाच किंवा भोकं पाडायची, त्यात पूड भरायची, वरून ती बंद करायची आणि पिन काही वेळा फिरवायची. धातू वितळत नाही म्हणून पूड तरंगत नाही, हवेत जळत नाही, कार्बाइडही कमी होतं. जिथे भाग झिजतो तेवढीच जागा मजबूत करता येते, सगळ्या भागात महाग पूड घालायची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे प्राथमिक प्रयोगाला भक्कम उभं मिलिंग मशीन पुरतं. अशी मशीनं पोलोग्राउंडपासून पिथमपूरपर्यंत गल्लोगल्ली आहेत. ती चालवणारे हातही तरबेज आहेत. पूड भरण्याचं काम मात्र संस्थेच्या बंद पेटीत व्हावं आणि कारखान्यात फक्त बंद केलेली पट्टी यावी.

तपासणीसाठी तर या शहरासारखं शहर शोधून सापडणार नाही. नळ्या धातूत शाबूत उरल्या की मोडल्या, हे रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकून परतलेला प्रकाश तपासला की, कळतं. १३५० च्या आसपासचं शिखर दोष दाखवतं, १५८० च्या आसपासचं शिखर कार्बन-अणूंच्या शाबूत जाळीचं, आणि दोन्हींच्या उंचीचं गुणोत्तर काय घडलं ते सांगतं. खंडवा रोडवर यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संशोधन संस्था आहे, राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, आहे, सिमरोलला आयआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे, एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९५२ पासून या शहराला इंजिनिअर देत आलंय. माझ्या प्रयोगशाळेत जे दिसत नाही ते सगळं या चार ठिकाणी मिळून दिसू शकतं. तिथे विद्यापीठातले संशोधक जातात. सांवेर रोडवरचा कारखानदार कुठल्या दारानं आत जावं हेच न कळल्यामुळे बाहेर राहतो आणि बाटलीवाल्या विक्रेत्याला गाठ पडतो.

दरम्यान ज्यांना आजच, याच महिन्यात भागाची ताकद वाढवायची आहे त्यांच्यासाठी सांगते. आपल्या बहुतेक ओतकामात ताकद जाते ती हायड्रोजनमुळे. द्रव अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन घनापेक्षा सुमारे वीसपट जास्त विरघळतो. धातू गोठला की तो बाहेर पडायला बघतो आणि पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी छिद्रं, राहतात. पावसाळ्यात, ओला फ्लक्स आणि ओलं भंगार भट्टीत गेलं की माझ्याकडे येणाऱ्या तुकड्यांचं रूप लगेच बदलतं. छोट्या कपात धातू घ्यायचा, निर्वात पेटीत गोठू द्यायचा आणि मधून कापायचा. काप स्पंजासारखा दिसला तर ओतायचं थांबवा. नायट्रोजन किंवा आर्गॉन फिरत्या रोटरमधून सोडला तर वायू निघतो. सिलिकॉनची सुईसारखी वाढ थोड्याशा स्ट्रॉन्शियमनं बारीक तंतूंसारखी होते. आणि एलएम-२५ च्या ग्रॅव्हिटी डाय-कास्टिंगला (दाबानं न रेटता धातूच्या साच्यात ओतलेल्या भागाला) नीट टी-६ दिलं, म्हणजे ५३० अंशांच्या आसपास भिजवून पाण्यात बुडवून पुढे १६० च्या आसपास मुरवलं, तर मानकातली किमान ताकद १६० मेगापास्कलवरून २८० वर जाते (हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल). बाटलीतल्या पुडीनं जे वचन दिलं होतं त्याच्या जवळपास हे आहे, आणि याला कुणाच्या फुप्फुसाची किंमत द्यावी लागत नाही. सच्छिद्र धातूत जगातली उत्तम नळी घातली तरी तडा छिद्रातूनच जाणार.

माझी मागणी साधी आहे. औद्योगिक संघटना आणि वरच्या संस्था यांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवावा, ज्या दिवशी लहान कारखानदाराला आपला तुकडा आणि विक्रेत्याची बाटली घेऊन जाता येईल. पुडीत खरंच नळ्या आहेत की साधी काजळी, हे तिथे कळावं. जोडीच्या बारशिवाय अहवाल देऊ नये. जिल्ह्याच्या कारखाना निरीक्षकांनी उघड्यावर अशी पूड हाताळण्यावर लगेच लक्ष द्यावं. बार कापणं आणि तोडणं माझ्याकडे त्या दिवशी विनामूल्य होईल, हे मी या पत्रातून लेखी देते.

आणि ज्या कारखानदारांच्या टेबलावर बाटली आधीच आलेली आहे त्यांनी ती झाकण न उघडता, प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून कुलपात ठेवावी, आणि विक्रेत्याकडून तिचं सुरक्षा-पत्रक लेखी मागून घ्यावं.

आपली वाचक,
धातुचाचणी प्रयोगशाळाचालक, इंदूर

(ग्राहक सगळे ओळखीचे असल्यामुळे कृपया माझं नाव छापू नये.)